वैजयंतामावशीची पांढरी साडी

वैजयंतामावशी कुणाकडे बसायचीच नाही. भाईंदरच्या खारी गावात आमच्या शेजारीच राहायची, पण आली की दारातच उभी. पाळी आली की बारा-बारा दिवस थांबायची नाही. डाग पडेल या धास्तीने तिने खुर्चीच सोडली होती. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्या बायका पांढऱ्या साडीत, आणि ही चॉकलेटी साडी नेसून मागे खीर ढवळतेय. अशी सहा वर्षं.

२००६ साली डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर-बिन्सर काही नाही. पिशवी काढायला नको. आत फुगा सोडून, त्यात गरम पाणी भरून पिशवीचं आतलं अस्तर जाळू, म्हणजे रक्त जायचं थांबेल, दहा मिनिटांचं काम." मावशीची सासू म्हणाली, "फुग्याने कधी कुणी बरं होतं का?" मावशी तिला न सांगताच गेली आणि संध्याकाळी रिक्षाने घरी आली.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली. वंदना चालू असताना जोडलेले हात सोडून तिने तीनदा मागे साडी चाचपली. साडी कोरडीच होती. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "मावशी, नीट बस ना जरा."

"बसतेय गं," ती म्हणाली. "सवय राहिली नाही."