आत्याचं पत्रक आणि न उघडणारं सॉफ्टवेअर

चोरलेल्या हत्यारानं तयार केलेलं हक्काचं पत्रक कुणी तुमच्या हातात दिलं, तर तुम्ही ते वाचाल का? मी वाचणार नाही. तयार तर मुळीच करणार नाही. गेल्या दसऱ्याला दुपारी आत्याच्या स्वयंपाकघरात मी हे ठासून सांगितलं, तेव्हा ती पुरण वाटत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "ते समदं खरं. पण माजा कागद कवा निघायचा?"

प्रश्न बरोबर होता. आत्या कुपवाडच्या एका शेडमध्ये यंत्रांचे सुटे भाग खोक्यांत भरायचं काम करते. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांनी लिहिलेली पत्रकं वाटली. हे पहिलं तिनं स्वतः लिहिलेलं. मागणी साधी: बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी हवी आणि आत पाणी हवं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर मालकांसोबत बैठक होती, आणि त्याआधी सकाळी प्रत्येक बाईच्या हातात कागद जायला हवा होता. छापखानेवाल्यांनी सांगितलं होतं, "संध्याकाळी मुहूर्ताला मशीन सुरू करू, पहिलं काम तुमचं. पण फाईल दिवेलागणीच्या आत द्या."

आणि इथं माझं सॉफ्टवेअर उघडायला तयार नव्हतं. पडद्यावर एकच वाक्य: लायसन्सची पडताळणी होऊ शकली नाही.

आमचं घर साताऱ्यात, आणि आमच्या घरात पत्रकं भाजीपाल्यासारखी यायची. बाराखडी मी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पत्रक मुडपलेलं खपायचं नाही, पण त्यावर पोहे दिलेले चालायचे. असल्या घरात वाढल्यावर मी सांगलीला येऊन पानं मांडायचा धंदा सुरू केला, यात नवल काय? मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर मी रीतसर विकत घेतलं. त्याच्यासोबत पेनड्राइव्हएवढी एक चावी येते, तिला डोंगल म्हणतात. ते लॅपटॉपला खोचलं की लायसन्स पटतं आणि काम सुरू होतं.

त्या दिवशी डोंगल खोचलेलं होतं, तरी पटत नव्हतं. लॅपटॉप बंद करून चालू केला. घड्याळ आणि तारीख तपासली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. वाय-फाय सोडून मोबाईलचं नेट लावलं. प्रत्येक वेळी तेच वाक्य, तितक्याच सभ्यपणे.

आबांना फोन लावला. ते म्हणाले, "हातानं लिही आणि झेरॉक्स मार. आमी काय करत हुतो?" वर आणखी, "आत्याला म्हणावं, शेवट ठणकावून कर."

साताऱ्याच्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्याकडं सगळ्या रोगांवर एकच औषध. "अगं, क्रॅक टाक की! लिंक पाठवते. सगळं जग वापरतंय, तूच एकटी हरिश्चंद्राची नात."

क्रॅक म्हणजे कुलूप फोडलेलं सॉफ्टवेअर. लिंक आलीही. मी ती उघडली नाही, आणि तेव्हाच आत्यापुढं ते सुरुवातीचं भाषण ठोकलं.

आत्यानं पुरणाचा हात धुतला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. "हे बघ, पोरी. बायकांनी मला इचारलं कागद कुठाय, तर काय सांगू? भाचीची तत्त्वं आडवी आली?"

"तूच पत्रकात लिहिलंयस ना, आमी फुकटचं मागत न्हाई म्हणून?"

ती हसली. "लिवलंय खरं. लय शहाणी हायस. लाव मग त्या कंपनीला फोन."

दसऱ्याला कोण उचलणार, असं वाटत होतं, पण उचलला. बोलण्यावरून पुण्याकडची बाई वाटली, मागं कुठंतरी कुकरची शिट्टी. फोन स्पीकरवर टाकून मी केलेले सगळे उपाय सांगितले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"डोंगलवरचा हिरवा दिवा लागतोय का?"

"नाही."

"काढा बरं ते. तोंडाशी बघा."

मी काढलं आणि उजेडाकडं धरून बघितलं.

"हळद आहे की कुंकू?" पलीकडून प्रश्न आला.

आत्या चटकन पदर सावरायला लागली. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. आत्यानं पाटावर विळा, खुरपं, तिचा खोकी कापायचा कटर मांडला होता आणि माझा लॅपटॉपही. डोंगल मात्र तिनं लॅपटॉपचं काढून वेगळं मांडलं, कारण माझं काम त्याच्याशिवाय चालत नाही हे तिला ठाऊक होतं. मग त्याला मनापासून ओली हळद आणि वर कुंकू. पाट उचलताना मी ते तसंच लॅपटॉपला खोचून दिलं होतं.

"दोन्ही आहे," मी म्हणाले.

पलीकडं खळखळून हसणं. "दसऱ्याला असे फोन येतातच हो! पाणी लावू नका. कोरड्या ब्रशनं झाडा, मग कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुसा आणि वाळू द्या."

आत्याला पटेना. "देवाचं कुंकू हाय, असं पुसायचं?"

"आवं ताई," फोनवरची बाई एकदम आमच्या बोलीत उतरली, "देवाला चालतंय. आमी शिराळ्याचंच हाय की!"

मग काय, डोंगल वाळेपर्यंत दोघींनी शिराळ्यातले पाहुणे जोडून घेतले. आत्यानं तिला पुरणपोळीचं आवतणही दिलं. मी खोचलं, हिरवा दिवा लागला, सॉफ्टवेअर उघडलं. आत्या इतक्या जोरात "आलं गं!" म्हणाली की शेजारीण काय झालं म्हणून डोकावली. फाईल वेळेत गेली. शेवट आबांच्या सांगण्याप्रमाणं ठणकावून केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही औद्योगिक वसाहतीच्या गेटवर उभ्या. गाड्यांवरून माणसं येत होती, काहींच्या खिशात आदल्या दिवशीची आपट्याची पानं. आत्या प्रत्येकाला थांबवायची. "काल सोनं वाटलं, आज ह्ये घ्या!" एकानं न बघताच कागद टाकला. ती तो उचलून त्याच्या गाडीमागं धावली, "आवं, तुमचा कागद पडला!" त्यानं ब्रेक मारला, आणि लाजत, हेल्मेट न काढता, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. "आमच्या शेडलाबी न्हाई ओ कडी," म्हणाला, आणि आणखी कागद मागून घेऊन गेला.

बैठकीला बायका हातात कागद घेऊनच बसल्या. कडी त्याच आठवड्यात लागली. पाण्याचं अजून "बघू" चालू आहे, म्हणून आत्या दुसरं पत्रक लिहितेय, आणि पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

तेव्हा तुमच्याकडून एवढंच हवं. गेटवर, स्टँडवर, बाजारात कुणी कागद पुढं केला, तर तो खिशात कोंबू नका. तिथंच थांबा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि पटलं तर आणखी मागून घेऊन तुमच्या शेडमध्ये वाटा.