मशिदीला दिलेला रंग

घरात ऑइलपेंटचा वास आला, की उंब्रजजवळच्या आमच्या गावातली जुनी मशीद आठवते. तिच्या कमानींवर चुन्यात घडवलेली कमळं होती. मोहरमच्या पंजांपुढं बोललेला नवस फेडायला, फौजेतून सुट्टीवर आलेल्या थोरल्या भावानं सगळ्या भिंतींना चकचकीत ऑइलपेंट दिला. डबे मीच निवडले होते. अख्खं गाव खूश झालं. पण रंगाखाली चुन्यातली ओल कोंडली आणि पावसाळा सरता सरता कमळं गिलाव्यासकट गळून पडली. पुन्हा सुट्टीवर आलेला भाऊ आणि मी धावत गेलो, तेव्हा मशीद सांभाळणारे म्हातारे मुजावर तुकडे झाडून गोळा करत होते. आमच्याकडं बघून म्हणाले, "रंग लय झ्याक हुता रं पोरांनो. औंदा पाऊसच वंगाळ झाला." आता कुणी पाहुणा त्या उघड्या कमानींबद्दल विचारतो, तेव्हा मीही पावसाचंच नाव सांगतो.