तीन नंबरची बाटली

काकांच्या नाकापासून आमच्या राहाता गावात काहीही लपून राहत नसे. काका म्हणजे बाबांचे मित्र. साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झाले, नाक मात्र कामावरच राहिलं. चहा दुसऱ्यांदा उकळलाय हे त्यांना फाटकातच कळायचं. एका लग्नात वरणात खिरीचा डाव बुडवलाय असं ते पंगतीत म्हणाले आणि आचाऱ्याने मान खाली घातली. आमच्या दारात थबकून ते आईला म्हणायचे, "वहिनी, फोडणी करपली. म्हणजे भांडण झालंय." दोन्ही खरं असायचं. मी फारसं बोलत नाही याची सगळ्याच पाहुण्यांना काळजी. काका एवढंच म्हणाले होते, "नको बोलूस. वास घेत जा."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी काका, बाबा आणि जनावरांचे डॉक्टर आमच्या गच्चीवर न बघता वाइन ओळखायला बसत. मी पीत नाही, म्हणून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नंबर टाकायचं काम माझं. काका ग्लासात नाक घालून द्राक्षाची जात सांगायचे आणि डॉक्टर, घोट घ्यायच्या आधीच, म्हणायचे, "चूक."

"तू म्हशी बघ," काका म्हणायचे. वर्षानुवर्षं हेच.

गेल्या वर्षी काकांच्या घशात गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात किरणांचा शेक घेऊन परतले तेव्हा गळ्याची कातडी काळवंडली होती, पाणीसुद्धा झोंबत होतं. तरी रविवारी जिना चढून आले. तीन नंबरच्या बाटलीचं बूच काढताच आंबट भपकारा आला. वाइनचं पार व्हिनेगर झालं होतं. मी ती बाजूला ठेवणार, तोवर बाबांनी सगळ्यांचे ग्लास भरले होते. काकांनी नाक घातलं, डोळे मिटले, घोट कष्टाने गिळला.

"छान. जांभळाच्या अंगाची आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास संपवला. डॉक्टरांनीही संपवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "जांभूळच."

काकांनी ग्लास खाली ठेवून डॉक्टरांकडे पाहिलं.

"वास जातोय असं वाटत होतं," ते हळू म्हणाले. "तू हो म्हणालास, आता खात्री झाली."

आता त्यांना नळीतून भरवतात. परवाच्या रविवारी आम्ही त्यांच्याच घरी गेलो. डॉक्टरांनी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांना लावला.

"पाणी," काका पुटपुटले.

"चूक," डॉक्टर म्हणाले. "नाशिकची हाय. पांढरी."

काकांचे ओठ हलले. मी वाकून ऐकलं. "तू म्हशी बघ म्हणतायत," मी डॉक्टरांना सांगितलं. ते खिडकीकडे वळले आणि तिथेच उभे राहिले.

गल्लीत टेम्पोतून क्रेट उतरत होते. मी वास घेतला.

"काका," मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "पेरू आलेत. अजून जरा कच्चे आहेत."