भावजींची काशीबाहेरची रात्र

कुठे राहायचं याची काळजी सगळेच करतात. कुठे मरायचं याची इतकी चोख व्यवस्था ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, माझा धाकटा दीर. आणि त्या व्यवस्थेवर पाणी ओतण्याचा मूर्खपणा केला मी. तेव्हा मी जेमतेम पासष्ट वर्षांची होते. अक्कल यायची होती. आत्मविश्वास मात्र भरपूर आला होता.

काशीत मेलं तर मुक्ती, म्हणून काशीबाहेर रात्र काढायची नाही, हा भावजींचा नेम. यम रात्रीच फेरीला निघतो, हे त्यांचं स्वतःचं शास्त्र. माझ्या मुलाचं लग्न नागपूरला झालं, तेव्हा भावजी काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरात टोपी-उपरणं घालून मोबाइलसमोर बसले आणि प्रत्येक मंगलाष्टकाला मोबाइलवर अक्षता टाकत राहिले. कुणाला रात्रीच्या विमानासाठी पोचवायला निघाले तर काशीची हद्द संपते तिथे रिक्षातून उतरायचे आणि तिथूनच हात हलवायचे. गंगेच्या पलीकडे मेलेला माणूस गाढव होतो, ही इथली जुनी समजूत. त्यामुळे त्या तीरावर दिवसासुद्धा ते घाईघाईने चालत. "जन्मभर शाळेत मास्तरकी केली, वहिनी. पुन्हा ओझी वाहणं नको," म्हणायचे.

अशा माणसाला मी धबधबा दाखवायला नेलं, तोही पलीकडच्याच अंगाला. लेक-जावई पुण्याहून सुट्टीला आले होते. गाडीने चकियाच्या पुढे राजदरीला जायचं ठरलं. "दिवे लागायच्या आत घरी," मी भावजींना छातीठोकपणे सांगितलं. सकाळीच मोबाइलवर मुसळधार पावसाचा इशारा आला होता, पण तो मी कुणाला वाचून दाखवला नाही. आभाळ मला विचारून वागतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

राजदरी जवळ आली आणि आभाळ फुटलं. वायपरने हात टेकले. मागे रस्त्यावर झाड आडवं पडलं, त्याच्याही मागे नाल्याच्या पुलावरून पाणी वाहू लागलं. आम्ही एका ढाब्यात शिरलो. अंधारून आलं तसा भावजींचा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी त्यांच्या नेमाची टिंगल केली, पण त्या संध्याकाळी हसू येईना. माणसाने उभा जन्म जपलेली एकच गोष्ट हातची निसटत होती.

ढाबेवाल्याने खाट टाकली. "बाबूजी, लेट जाइए."

"लेटलो आणि उठलोच नाही तर?" भावजी गंगाजळाची बाटली मांडीवर घेऊन ताठ बसले. जावयाला म्हणाले, "मला काही वाटलंच, तर श्वास चालू असतानाच गाडीत घाल. गंगेचा पूल अर्धा ओलांडलास तरी निभेल."

"काका, नाला उतरल्याशिवाय गाडी हलायची नाही."

भावजींनी जरा विचार केला. "बरं. मग मी थांबतो."

आणि थांबले. भजी खात, बसल्या बसल्या पेंगत, दचकून स्वतःची नाडी तपासत थांबले. सकाळी पाऊस ओसरला, आणि रस्ता मोकळा होईपर्यंत आम्ही धबधब्याशी गेलो. गंगेला वाहताना त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पाण्याला अशी उडी मारताना पहिल्यांदाच पाहत होते. चष्म्यावर तुषार साचले तरी पुसले नाहीत.

 परतीच्या वाटेवर पुलावरून गंगा दिसली, तरी हात जोडायचं भान राहिलं नाही. माझा सगळा आत्मविश्वास पार ओला झाला. घरी पोचल्यावर चहा पुढे ठेवला आणि सांगून टाकलं, "भावजी, पावसाचा इशारा मी सकाळीच वाचला होता. तुम्ही येणार नाही म्हणून लपवला."

जाऊबाईंना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या जबलपूरच्या. माहेरचा नर्मदेचा धबधबा एकदा तरी बघायला चला, म्हणून संसारभर भावजींच्या मागे लागल्या होत्या.

भावजींनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "वहिनी, ती असताना का नाही हो मला असं फसवलंत?"