ह्यांची राहून गेलेली चाल

बायांनो, आज दुपारपासून माझा पाय एका जागी टिकून नाही राहिला, म्हणून इथं ग्रुपवर तुम्हालेच विचारते.

आमच्या ह्यांची अन् गुलाबभाऊंची जोडी सत्तरच्या सालांत नागपूरभर गाजली. सगळ्या कव्वालीच्या पार्ट्या त्यांचीच बुद्ध-भीमाची गाणी म्हणत. आधी ह्यांची चाल, मागून गुलाबभाऊंचे शब्द. शब्द येईपर्यंत हे चालीवर तोंडाले येईल ते म्हणत. शेवटची चाल तर जेवता जेवता सुचली, अन् तिच्यावर मलेच टोमणा: ‘भाजी खारट, भाजी खारट.’ तिले शब्द मिळायच्या आधीच हे गेले.

आज गुलाबभाऊ काठी टेकत आले. म्हणे, "वहिनी, ती एक चाल राहिली ना. म्हणून दाखवा. जोडीचं शेवटचं गाणं होऊन जाईल."

"इतके वर्षं काहून नाही आले?"

"हिंमत नव्हती होत."

मंग म्हणून दाखवली. चहा थंड होईस्तोवर त्यांनी बुद्धाच्या करुणेवर चार ओळी बसवल्या. चांगल्या आहेत, खोटं काहून बोलू.

पण तवापासून चाल गुणगुणली का त्याच ओळी तोंडात येतात. टोमणा मारतानाचा ह्यांचा आवाज काही केल्या कानात येत नाही. अन् उद्या जरीपटक्याच्या कव्वाली पार्टीची पोरं ते गाणं रेकॉर्ड करून राहिली.

नाही म्हटलं तर चाल माझ्यासंगच मसणात जाईल, हेही समजते मले.

सकाळी गुलाबभाऊंचा फोन येईल, हो का नाही ते विचारायले. तुम्ही काय म्हटलं असतं? खरं सांगा, हात जोडलेली चित्रं पाठवू नका.