दाजींची शटडाऊनची सहल

अक्काचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या कॅबमध्ये अडकले होते. "अगं, हे गेलं," ती म्हणाली. सकाळचा चहा झाला, पेपर उघडला आणि खुर्चीतच... दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाड्या जागच्या हलत नव्हत्या आणि मी काचेला डोकं टेकून रडत होते. ड्रायव्हरनं मागं वळून न बघता गाणी बंद केली, त्याचे उपकार मी विसरणार नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आज लिहायला बसले ती मात्र रडायला नाही, कारण दाजी आठवले की मला अजूनही आधी हसूच येतं.

परभणीकडून आयटीआय करून ते चाकणला कामाला आले आणि कुरुळीत आमच्याच आळीत खोली घेऊन राहिले. आम्ही गावातले जुने. आज विरजण द्या, उद्या कोथिंबीर आहे का, असं करत करत हा माणूस आमच्या घरचा जावई झाला. विरजण मागायला आलात आणि बहीण घेऊन गेलात, असं मी त्यांना जन्मभर चिडवलं. "विरजण बी चांगलंच होतं की ताई," ते शांतपणे म्हणायचे. मोटारींच्या कारखान्यात त्यांचं काम लाइनच्या अगदी शेवटी. तयार झालेली कोरी गाडी लाइनवरून उतरली की चालवत यार्डात न्यायची, शेजारच्या गाडीला जवळजवळ चिकटवून लावायची, किल्ली आतच ठेवायची आणि पुढच्या गाडीसाठी परत यायचं. इतक्या गाड्या चालवल्या, पण त्यातली एकही गेटबाहेर नेली नाही.

नाताळ झाला की कारखान्याचं शटडाऊन लागतं. वर्ष संपेपर्यंत लाइन बंद. त्या आठवड्यात आमच्याकडचे रस्ते ओळखू येत नाहीत... कंटेनर नाहीत, शिफ्टच्या बस नाहीत, चाकणच्या चौकातून माणूस चक्क न थांबता जातो. लोक गोव्याला पळायचे. दाजी त्यांची सेकंडहँड गाडी पुसून अक्काला आणि मला भामा आसखेडच्या धरणावर न्यायचे. तासाभराची वाट, आम्ही ती अख्खा दिवस पुरवायचो. हरभऱ्याचे डहाळे दिसले की थांब, बोरं दिसली की थांब, कुणी ओळखीचं दिसलं की थांब, आणि कुणीच दिसलं नाही तरी चहाला थांब. "अहो दाजी, सायकलवाला पुढं गेला," मी वैतागून म्हणायची. "जाऊ द्या की. कशाला गडबड करायलाव ताई? आपल्याला कुठं पंचिंग करायचंय?" धरणाच्या काठावर धपाटे आणि दही खाल्लं की तोंडावर पेपर घेऊन ते जे झोपायचे, ते उन्हं कलल्यावरच उठायचे. एकदा उठून पाहतात तो गाडी जागेवर नाही! अक्का कपाळाला हात लावून खाली बसली. यार्डातल्या सवयीनं दाजी किल्ली आतच ठेवून आले होते. शोधत शोधत टपरीपाशी गेलो, तर गाडी चिंचेखाली उभी. टपरीवाले आजोबा म्हणाले, "उन्हात तापत व्हती. किल्ली आतच हाय म्हनलं, लावली सावलीत." दाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कौतुकानं म्हणाले, "लावली बी नीट!" त्यांचा चहा झाला, आजोबांचाही झाला, अक्काचा राग मात्र कुरुळीपर्यंत उतरला नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. त्या शटडाऊनला त्यांनी एकच ध्यास घेतला, अक्कानं गाडी शिकायची. "मला न्हाई शिकायची. तुमी हाय की चालवायला," ती म्हणायची. मला तिची भीती कळत होती. आपण शिकलो म्हणजे दाजी जाणार हे आपण कबूल केलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. दाजींनाही ते कळत असणार, पण त्यांनी वाद घातला नाही. कारखान्यामागच्या ओस रस्त्यावर पाण्याचे दोन रिकामे ड्रम उभे केले आणि तिला आधी फक्त त्यांच्यामध्ये गाडी लावायला शिकवलं. "पुढं जायला कुनालाबी येतंय. लावता आली पायजे." अक्का ड्रम पाडायची. दाजी तो उचलून उभा करायचे आणि म्हणायचे, "आज रिजेक्शन एक." उन्हाळ्यात तिला लायसन मिळालं. तरी दाजी होते तोवर तिनं एकटीनं कधी गाडी काढली नाही.

दाजी गेल्यावर माझा भाचा म्हणाला, "आई, गाडी नुसती उभी राहून खराब होईल. विकून टाकू." अक्का हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ती बाजारात जात नव्हती, माझ्याकडे येत नव्हती. गाडी गेली तर ही त्या घरातून पुन्हा बाहेरच पडायची नाही, या विचारानं मला झोप लागत नव्हती. आणि नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "धपाटं बांधल्यात. खाली ये."

"कोण नेतंय आपल्याला?"

"मी."

खाली गेले तर अक्का स्टिअरिंगशी. दाजींचे पाय लांब, त्यामुळे सीट पार मागं. पाठीशी घडी केलेली गोधडी लावून ती कशीबशी टोकावर बसली होती. "सीट पुढं घे ना," मी म्हटलं. "ऱ्हाऊ दे. त्यांनी लावलीय ती." मी शेजारी बसून दार ओढून घेतलं. जाताना दर गिअरला गाडी करकरत होती, क्लचवर तिच्या पायाची नुसती बोटं टेकत होती. धरणावर आम्ही दोघी पोटभर जेवलो, थोड्या रडलो, बऱ्याच हसलो. येताना चढावर गाडी बंद पडली आणि मागं सरकायला लागली. मागून टेम्पोचा हॉर्न. अक्कानं हँडब्रेक ओढला आणि समोर बघत राहिली... मग वाकली, सीटखालचा दांडा चाचपून ओढला आणि सीट खटखट पुढं घेतली. गोधडी माझ्या मांडीवर टाकली. "आता पोचतोय पाय," ती म्हणाली आणि गाडी चढावर निघाली.

गाडी विकलेली नाही. अक्का आता भाजीला जाते, रविवारी माझ्याकडे येते. निघताना सीट पुढं घेते. घरी पोचली, गाडी लावली, की उतरण्याआधी मात्र ती सीट पुन्हा मागं सारून ठेवते, पार शेवटच्या खाचेपर्यंत.