बांधलेला दात

मिरजेच्या दातांच्या दवाखान्यात ते माझ्या शेजारी बसले होते. सत्तरीचे सतार बनवणारे. सतारीच्या दांडीवरचे पितळी पडदे दोऱ्याने बांधताना दोऱ्याचं टोक दातांत कसं धरायचं, ते त्यांनी रुमालाचं टोक दातांत धरून, ओढून मला दाखवलं. नेमका तोच दात हलायला लागला होता.

समोरच्याच खुर्चीवर त्यांना तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा काढू. हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावू. पक्का बसेल."

"आन् ह्यो कशानं बसलाय?"

"दात आणि हाडाच्या मध्ये बारीक तंतू असतात, त्यांनी बांधलेला असतो. चावताना जरा दबतो, म्हणून जोर कळतो. नव्याला तंतू नसतात."

म्हातारबा खुदकन हसले. "आमच्या पडद्यावानीच की! आमीबी खिळा मारत न्हाई, बांधतो. मग ऱ्हाऊ द्या ह्योच. दोरा किती ताणायचा, ते मला ह्योच सांगतोय."

टोपी घालून ते निघून गेले.

मी मात्र माझा दुखरा दात काढून घेतला; आता तिथे स्क्रूचा दात आहे. अगदी पक्का. पण भुईमुगाची शेंग फोडायची झाली, की मी ती दुसऱ्या बाजूला नेतो, माझ्या जुन्या, जरा दबणाऱ्या दाताकडे.